सहा सिलिंडरची जुनी डॉज तापते: इंजिन बांधू की डिझेल बसवू?

कृष्णाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९५१ ची डॉज किंग्सवे आहे. आजोबांनी १९६३ साली मुंबईहून सेकंडहँड आणली, तेव्हापासून साताऱ्यात. बाबांनी २००४ पर्यंत चालवली, मग गोठ्यात उभी. गोठ्यात म्हणजे खरंच गोठ्यात, बोनेटवर कोंबड्या बसायच्या. दोन वर्षांपूर्वी मी ती बाहेर काढली. ब्रेक केले, वायरिंग केलं, टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर उघडून साफ केला. आता सुरू होते, आवाजही गोड आहे.

दुखणं एकच. सपाटीला दहा-बारा किलोमीटर ठीक जाते, चढ लागला की काटा वर. गेल्या रविवारी पसरणी घाटात तिसऱ्या वळणाला उकळली. दीड तास कठड्यावर बसून स्ट्रॉबेरीच्या गाड्या मोजल्या.

आजवर केलेलं: रेडिएटर दोनदा उघडून नळ्या साफ केल्या. पट्टा नवा. वॉटर पंपाचं सील नवं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, मिस्त्रींनी काढूनच टाकला. काडीचा फरक नाही. शिवाय उभ्या गाडीत इंजिन जरा लंगडतं, मिसिंग मारतं.

मिस्त्री म्हणतात, इंजिन संपलंय, जीपचं डिझेल बसवून देतो, सव्वा लाख. काका म्हणतात, विक. आई म्हणते, गोठा बरा होता. तुम्ही काय म्हणता?

ठाण्याचा_वाघ | ३ फेब्रुवारी, रात्री १०.३०

विकायची असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. कोंबड्यांसकट चालेल.

बिनपाण्याचा | ३ फेब्रुवारी, रात्री ११.०५

ही सगळी इथेनॉलची कृपा. वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल १९५१ च्या गाडीत घालताय आणि विचारताय का तापते!

जुना_पाना | ४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

मी एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. दोन प्रश्न.

तापमान कुठं मोजलंत? डॅशबोर्डवरचा काटा एका जागचं सांगतो. ते पिस्तुलासारखं थर्मामीटर मिळतं, ते आणा. इंजिन गरम झाल्यावर हेडवर पुढून मागे, प्रत्येक प्लगपाशी मोजा आणि सहा आकडे इथं लिहा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कधी मोजलंय का? सहाही सिलिंडरचं?

हे दोन्ही न करता इंजिन संपलं म्हणणारा मिस्त्री बदला.

अवनी_जोशीबाग | ४ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

मला यातलं काही कळत नाही पण वाचतेय. फोटो टाका ना गाडीचे. कोंबड्यांच्या काळातलेही.

मिशिगनकर | ४ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

किंग्सवे म्हणजे प्लिमथच्या अंगावर डॉजचे दागिने, खास निर्यातीसाठी केलेली. इंजिन क्रायस्लरचं फ्लॅटहेड सिक्स. माझ्याकडे त्याच घराण्यातलं एक इंजिन जुन्या ट्रकमध्ये आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

फ्लॅटहेडमध्ये वॉल्व्ह हेडमध्ये नसतात, खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे असतात. हेड म्हणजे नुसतं झाकण. एक्झॉस्टचा सगळा जाळ ब्लॉकमधूनच बाहेर जातो, त्यामुळे पाणी नेमकं वॉल्व्हच्या सीटपाशी (वॉल्व्ह मिटल्यावर टेकतो त्या कडेपाशी) पोचणं फार महत्त्वाचं. त्यासाठी वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकमध्ये एक लांब पत्र्याची नळी सरकवलेली असते, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. तिला ठरावीक जागी खाचा असतात, आणि प्रत्येक खाचेतून थंड पाणी एक्झॉस्ट सीटवर पडतं. तिला वॉटर डिस्ट्रिब्युशन ट्यूब म्हणतात.

सत्तर वर्षांत ती गंजून तिचा चाळणीसारखा चुरा होतो. मग पाणी पुढच्या पुढेच फिरतं, आणि पाच-सहा नंबर उपाशी. रेडिएटर कितीही साफ करा, मागे पाणी जातच नाही.

जुना_पाना काकांनी सहा आकडे मागितले ते याचसाठी असावेत.

जुना_पाना | ४ फेब्रुवारी, सकाळी १०.०२

याचसाठी.

उद्यमनगर_लेथ | ४ फेब्रुवारी, दुपारी १.२०

काय राव, डिझेल कशाला घालताय त्यात! एवढं गोड इंजिन. सहा सिलिंडर एका ओळीत असले की एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार असे पिस्टन जोडीनं वर-खाली होत्यात, एकमेकांचे धक्के तिथल्या तिथं मारत्यात. बॉनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवा, हलणार न्हाई. डिझेल घातल्यावर पेला ठेवायला हात लागंल.

आणि ब्लॉकमधला गाळ काढला का? बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलं असंल तर आत सिमेंट झालेलं असतंय.

दादरच्या_काकू | ४ फेब्रुवारी, दुपारी ४.४५

माझ्या लहानपणी मुंबईत या मोठ्या गाड्यांच्या टॅक्सी होत्या. आम्ही दादरहून गिरगावात लग्नाला जायचो, पुढे तिघं, मागे सहा जण, शिवाय डिक्कीत करंज्यांचा डबा. त्यातल्या काहींना डिझेल बसवलेलं असे. पेट्रोलची असली तर आई मागे निजायची. डिझेलची असली तर दारं अशी थरथरायची की करंज्यांचा भुगा. एवढंच सांगायचं होतं.

बरं, ही गाडी कुर्ल्याची का? माझे मामा तिथे प्रीमियरमध्ये होते.

कृष्णाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ९.३०

हो काकू, कुर्ल्यातच जुळवलेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर काढली आणि क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो इथे जुळवल्या, त्यातलीच एक. आरसी बुकात मुंबईचा जुना बीएमवाला नंबर आहे.

जुना_पाना काका, थर्मामीटर ऑनलाइन मागवलंय, शनिवारी येईल. कॉम्प्रेशन गेज एका मित्राकडे आहे.

कायदेकानू | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१०

डिझेलच्या आधी एक बघा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ लागतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. एकदा जीपचं इंजिन बसलं की तो दरवाजा बंद. शिवाय इंजिनबदल आरसीवर चढवायचा खटाटोप वेगळाच.

दुसरी बाजूही सांगतो: व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. भाजी आणायला नाही.

ठाण्याचा_वाघ | ४ फेब्रुवारी, रात्री १०.१४

मंडईजवळच्या पंपावर पेट्रोल भरायला जायचं. वाटेत भाजी.

सरळ_सहा | ५ फेब्रुवारी, सकाळी ८.००

माझ्याकडे २००४ ची बीएमडब्ल्यू आहे, ती पण सहा सिलिंडर एका रांगेत. तिचं कूलिंग म्हणजे सगळं प्लॅस्टिक: पाण्याची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांची टोकं. मी लाख किलोमीटरच्या आत सगळं एकदम बदललं, काही फुटायची वाट न बघता. त्या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, एकदा तापलं की वाकलंच. तुमचं ब्लॉक-हेड दोन्ही बिडाचं, नशीबवान आहात. दीड तास कठड्यावर बसून परत चालू झाली म्हणताय! माझी टो होऊन गेली असती.

बिनपाण्याचा | ५ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

इथेनॉलबद्दल कुणीच बोलत नाही. सोयीस्कर मौन.

मिशिगनकर | ५ फेब्रुवारी, सकाळी १०.२५

बोलू या. इथेनॉलने जुन्या पंपाचा रबरी पडदा आणि होज मऊ पडतात, ते बदलून घ्यावेतच. या इंजिनात पेट्रोल पंप मॅनिफोल्डच्या (गरम धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळ्यांच्या) बाजूलाच बसतो, त्यामुळे उन्हात पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि गाडी बंद पडते. पण ते वेगळं दुखणं. त्यात पाणी उकळत नाही, पेट्रोल उकळतं. इथे पाणी उकळतंय.

शिसं नसलेल्या पेट्रोलने वॉल्व्हच्या सीट खराब होतात, ही भीतीही या इंजिनाला लागू नाही. एक्झॉस्टला कडक सीट कारखान्यातूनच बसवून यायच्या.

जुना_पाना | ५ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

वाफेला पंपावर ओलं फडकं. आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक ड्रायव्हरकडं असायचं.

मोटारवेडा | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.००

थर्मोस्टॅट काढला ते बरोबरच केलंत. आपल्या हवेत गरजच काय त्याची?

जुना_पाना | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

चूक. थर्मोस्टॅट नसला तर हिवाळ्यात सकाळी इंजिन धड गरमच होत नाही. तेलात ओल राहते, झाकणाखाली पिवळी साय धरते, रिंगा-बोअर लवकर घासतात. थर्मोस्टॅट अडकला असेल तर बदला. पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, उघडतो का बघा. काढून टाकणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं.

मोटारवेडा | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.५०

माझ्या फियाटमध्ये वीस वर्षं नव्हता, काही झालं नाही.

जुना_पाना | ५ फेब्रुवारी, दुपारी १२.५५

इंजिन किती वेळा बांधलंत वीस वर्षांत?

मोटारवेडा | ५ फेब्रुवारी, दुपारी १.३०

तीनदा. पण ते वेगळ्या कारणाने.

कृष्णाकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ८.४५

आकडे आले. इंजिन गरम, जागेवर उभी गाडी, हेडवर पुढून मागे: ७८, ८०, ८३, ९१, १०१, १०७ अंश सेल्सिअस.

कॉम्प्रेशन पौंडांत: १०८, ११०, १०५, १०६, ९४, ५८.

सहा नंबरमध्ये चमचाभर तेल घालून परत मोजलं, ६० आलं. म्हणजे दाब पिस्टनच्या रिंगांतून नाही, वॉल्व्हमधून गळतोय, बरोबर ना? गेज देणाऱ्या मित्राने सायलेन्सरच्या तोंडाशी दहाची नोट धरली. दर थोड्या वेळाने नोट आत ओढली जात होती. जळालेला एक्झॉस्ट वॉल्व्ह असा ओळखतात म्हणे.

मिशिगनकर | ८ फेब्रुवारी, रात्री ९.२०

निदान झालं. नळी गेली, म्हणून मागे पाणी नाही, म्हणून सहाचा वॉल्व्ह जळला, म्हणून मिसिंग. चारही गोष्टी एकाच दोऱ्यातल्या.

काही मागवायच्या आधी हेडची लांबी मोजा. क्रायस्लरच्या सहा सिलिंडरचे दोन ब्लॉक आहेत, २३ इंची आणि २५ इंची. अमेरिकेतल्या प्लिमथ-डॉजला लहान, क्रायस्लर-डिसोटोला आणि कॅनडात बनलेल्या सगळ्यांना मोठा. निर्यातीच्या गाडीत कोणता असेल ते टेप लावल्याशिवाय कळत नाही. हेड पॅकिंग, हेड, नळी, काहीच एकमेकांना बसत नाही.

कृष्णाकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ९.५०

टॉर्च घेऊन मोजून आलो. २३ इंच. हेडचे बोल्ट २१.

मिशिगनकर | ८ फेब्रुवारी, रात्री १०.०५

मग २१७.८ घनइंची, म्हणजे ३,५६९ सीसी. बोअर सव्वातीन इंच, स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८. स्ट्रोक लांब, म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगातही ओढते. माझंही २३ इंचीच. जुनी नळी काढली होती तेव्हा नवीचा कागदावर छाप घेऊन ठेवलाय, खाचांसकट, मूळ मापात. स्कॅन करून पाठवतो. प्रिंट काढल्यावर कडेची मोजपट्टी जुळते का ते आधी बघा.

उद्यमनगर_लेथ | ८ फेब्रुवारी, रात्री १०.१५

मला पाठवा तो कागद. पितळी पत्र्यात करून देतो. परत गंजायचा विषयच न्हाई.

अवनी_जोशीबाग | ८ फेब्रुवारी, रात्री १०.४०

दहाची नोट ओढून घेतली ते काय प्रकरण आहे? परत मिळाली का?

कृष्णाकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री १०.५५

मिळाली, काळी. दुकानदार घेत नाही.

रणगाडा | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

अवांतर, पण राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात क्रायस्लरने याच घराण्यातली पाच सहा-सिलिंडर इंजिनं एका क्रँककेसभोवती बसवून ३० सिलिंडरचं एक इंजिन केलं आणि शर्मन रणगाड्यात, एम४ए४ मध्ये, घातलं. म्हणजे तिथे पाच पाण्याच्या नळ्या गंजायच्या.

ठाण्याचा_वाघ | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

जीपचं डिझेल कॅन्सल. रणगाड्याचं बसवा. पसरणी घाट सरळ करून वर जाल.

कृष्णाकाठ | २६ फेब्रुवारी, रात्री ११.१०

उशीर झाला, पण काम चालू आहे.

पहिला दिवस चाक काढण्यात गेला. टॅपेट (वॉल्व्हना खालून उचलणारे) ब्लॉकच्या बाजूला, मॅनिफोल्डखाली, तिथे हात घालायला पुढचं चाक आणि आतला पत्रा काढावा लागतो. एवीतेवी जॅक लावलाच आहे तर चारही चाकं काढून ब्रेक बघू म्हटलं. उजवीकडची निघाली. डावीकडे मी आणि मित्र पाइप लावून पान्यावर उभे राहिलो आणि एक बोल्ट तुटला. मग बाबा चहा घेऊन आले आणि म्हणाले, “डावीकडचे उलट आट्याचे आहेत, माहीत नाही का?” बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एल कोरलाय. तो आम्ही ‘लोअर’ समजत होतो, का ते विचारू नका.

मग रेडिएटर काढला, पंप काढला. मागे नळीचं तोंड दिसलं, खायच्या पानासारखं पातळ झालेलं. सळईला आकडा करून ओढली, तर तोंडच हातात आलं. तीन संध्याकाळी रोज गंजाचं तेल सोडून, हळूहळू ठोकून, चार तुकड्यांत निघाली. मागचा अर्धा भाग नळी नव्हताच, नुसती पापडी. तुकडे वर्तमानपत्रावर मांडले तर शेवटच्या दोन सिलिंडरच्या खाचा कुठे होत्या ते कळतसुद्धा नाही.

ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडला, थेंबही आला नाही. तार घालून खरवडला तेव्हा कॉफीच्या रंगाचा चिखल आला. बाजूचे वेल्श प्लग (पत्र्याची बुचं) काढून जुन्या क्लच केबलने आतून ढवळलं. पाऊण बादली गाळ. मागच्या प्लगपाशी तो इतका घट्ट होता की स्क्रूड्रायव्हरने कोरून काढावा लागला. उद्यमनगर_लेथ भाऊ, सिमेंट म्हणालात ते खरं.

हेड उतरवलं. सहाच्या एक्झॉस्ट वॉल्व्हच्या कडेचा एक तुकडा गायब, उंदराने भाकरी कुरतडावी तसा. पाचचा वॉल्व्ह काळा पडलाय पण शाबूत आहे. बोअरमध्ये नख अडकेल असा कंगोरा नाही.

जुना_पाना | २७ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

चांगलं काम. आता ऐका. वॉल्व्ह नवा घातलात तरी सीट बघून घ्या, घासून निळा रंग लावून कड सगळीकडं टेकते का तपासा. बाकीचे वॉल्व्हही एकेकदा घासून घ्या, हेड उघडलंच आहे. हेडचे काही बोल्ट पाण्यात उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलर लावा. मधून बाहेर अशा क्रमानं, तीन टप्प्यांत, शेवटी ६५ ते ७० फूट-पौंड. गाडी गरम करून, गार करून, परत एकदा.

मिशिगनकर | २७ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

टॅपेटची फट: इंजिन गरम असताना इनटेक ८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट १० थाऊ. एक्झॉस्टला घट्ट ठेवू नका, तोच पुन्हा जळतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-५-३-६-२-४; एकत्र वर-खाली होणाऱ्या जोड्यांची बेरीज सात. सहाचे वॉल्व्ह एक मिटत आणि एक उघडत असले की एकचे सेट करायचे, दोनचे असले की पाचचे.

टायमिंगला (ठिणगी नेमकी कधी पडते ते जुळवायला) सोपी युक्ती: सहा नंबरच्या वर हेडमध्ये एक छोटा प्लग आहे. तो काढून तार सोडा, क्रँक हाताने फिरवा. तार वर येऊन थांबते, तिथे पिस्टन वर.

कृष्णाकाठ | २ मार्च, रात्री १०.००

टॅपेटला पाना शिरतच नाही. बाजारातला सगळ्यात पातळ पानासुद्धा जाड पडतो.

उद्यमनगर_लेथ | २ मार्च, रात्री १०.२०

दोन साधे पाने ग्राइंडरवर घासून निम्मे करा. घासताना पाण्यात बुडवत ऱ्हावा, निळे पडले तर मऊ होत्यात. नळी तयार हाय, उद्या एसटीच्या पार्सलनं टाकतो. पैशाचं नंतर बघू. गाडी कोल्हापूरला आणायची, मिसळ तुमच्याकडनं.

कृष्णाकाठ | १६ मार्च, रात्री ९.१५

नळी पहिल्या धक्क्यात आत गेली, टोकापर्यंत. सहाचा वॉल्व्ह अमेरिकेहून मागवलेला आला, तो घासून बसवला. थर्मोस्टॅट परत लावला (मोटारवेडा, क्षमस्व). पाण्यात कूलंट घातलं, बोअरचं पाणी बंद. दोन गोष्टी चुकल्या: बॅटरी सवयीने उलटी जोडली. ही सहा व्होल्टची, आणि हिचं पॉझिटिव्ह बॉडीला असतं. डायनॅमो परत पोलराइज करावा, म्हणजे त्याचं प्लस-मायनस पुन्हा बसवावं लागलं. आणि सेल्फची केबल मिस्त्रींनी कधीतरी बारा व्होल्टच्या गाडीची, बारीक, घातली होती. व्होल्ट निम्मे म्हणजे करंट दुप्पट, म्हणून सेल्फ रडत होता. बोटाएवढी जाड केबल घातली, आता पहिल्या झटक्यात.

हेडवर आकडे: ७९, ७९, ८०, ८१, ८२, ८३.

आज दुपारी दोन वाजता, मुद्दाम उन्हात, वाईहून पसरणी घाट. दुसऱ्या गिअरमध्ये पाचगणीपर्यंत. काटा १८० फॅरनहाइटच्या जरा पुढे गेला आणि तिथेच राहिला. आई मागे बसली होती. हॅरिसन फॉलीपाशी म्हणाली, गोठा नको.

एकूण खर्च २३ हजार, त्यातले तीन तुटलेल्या बोल्टाचे आणि ब्रेकचे.

दादरच्या_काकू | १६ मार्च, रात्री ९.४०

आईंना करंज्या द्या मागे बसताना. पेट्रोलचीच आहे, भुगा होणार नाही.

बिनपाण्याचा | १६ मार्च, रात्री १०.०५

अभिनंदन. पण पंपाचा रबरी पडदा बदललात का?

कृष्णाकाठ | १६ मार्च, रात्री १०.१०

बदलला. इथे तुमचं बरोबर होतं, जुना च्युइंगम झाला होता.

गोदाकाठी | २१ मार्च, दुपारी ३.३०

धागा आत्ता सापडला. आमच्याकडे नाशिकला डिसोटो आहे, तीही तापते. मोजून पाहिलं, २५ इंच. कोल्हापूरवाल्या भाऊंकडे तोच छाप चालेल का? रेडिएटरचं काम कालच दिलंय.

मिशिगनकर | २१ मार्च, संध्याकाळी ६.००

चालणार नाही, खाचांच्या जागा वेगळ्या. २५ इंचीचा छाप ओळखीत कुणाकडे आहे का विचारतो.

जुना_पाना | २१ मार्च, संध्याकाळी ६.२०

रेडिएटर परत आणा. आधी सहा जागी तापमान मोजा.